तक्त्याखाली गाळलेली ओळ: बांधकामाचं फुकट ज्ञान कुठून घ्यायचं आणि साइटवर कसं वापरायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे डिप्लोमा सिव्हिल करून दीड वर्षापासून पुण्याजवळच्या मोशीच्या एका साइटवर ज्युनिअर इंजिनिअर आहेत. पगारात फीचे कोर्स बसत नाहीत, म्हणून फुकट पण भरवशाचं शिकायला कुठे मिळेल हे त्यांना हवं आहे. सोबत एक अडचणही आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टाकलेल्या स्लॅबचे टेके (खालून दिलेले तात्पुरते आधार) सातव्या दिवशी काढा असा ठेकेदाराचा आग्रह आहे, आणि पुरावा म्हणून तो व्हॉट्सअॅपवर फिरणारा तक्ता दाखवतो. त्या तक्त्यावर विश्वास ठेवावा का?

आधी टेक्यांचं बोलू, कारण ते आजचं आहे.

तक्ता खोटा नाही. आकडे आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे कोडच्या, ११.३.१ कलमातलेच आहेत. कॉलम आणि भिंतींच्या बाजूच्या प्लेटा (साच्याचे पत्रे) १६ ते २४ तासांनी. स्लॅबच्या खालच्या प्लेटा, टेके लगेच परत लावणार असाल तर, ३ दिवसांनी. बीमच्या खालच्या ७ दिवसांनी. स्लॅबचे टेके ४.५ मीटरपर्यंतच्या स्पॅनला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवसांनी आणि त्यापुढे १४ दिवसांनी. बीमचे टेके ६ मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१. तुमच्या हॉलचा स्पॅन ४.२ मीटर आहे, त्यामुळे ठेकेदार ७ म्हणतो.

पण कोडमध्ये हे आकडे एका अटीवर दिलेले आहेत. सिमेंट ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड असेल, हवेचं तापमान १५ अंशांखाली जात नसेल आणि क्युरिंग नीट झालं असेल, तरच ते लागू. दुसरं सिमेंट असेल किंवा थंडी जास्त असेल तर मुदत त्याप्रमाणे बदला, असं तिथेच म्हटलं आहे. तक्ता बनवणाऱ्याने नेमकी हीच ओळ गाळली. आता तुमची साइट बघा. सिमेंट पीपीसी, म्हणजे फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) मिसळलेलं. मोशीचं उघडं माळरान, जानेवारीची पहाट. पुण्याच्या आजूबाजूला या दिवसांत पारा १५ च्या बराच खाली उतरतो, हे साइटवर शेकोटी करून बसणाऱ्या वॉचमनलाही माहीत असतं. अटीतल्या दोन गोष्टी तुमच्याकडे मोडलेल्या आहेत. मग तो ७ चा आकडा तुमचा नाही.

हे कोडमध्ये लिहिलंय म्हणूनच नाही, त्यामागचं कारणही समजून घ्या. पीपीसीमधली फ्लाय अॅश स्वतःहून लगेच घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेतून चुना सुटतो, त्या चुन्याशी तिची क्रिया होते, म्हणून तिचं बळ मागाहून येतं. थंडीत ही सगळीच क्रिया मंदावते. २८ दिवसांनी हेच काँक्रीट उत्तम निघेल, पण सातव्या दिवशी ते कच्चं असू शकतं. पीपीसी वाईट असा याचा अर्थ नाही. त्याला वेळ लागतो, एवढंच.

११.३ मध्ये आणखी एक वाक्य आहे, तेही तक्त्यात कधी येत नाही. सेंट्रिंग, म्हणजे साचा आणि टेके, काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार आहे, त्याच्या किमान दुप्पट बळ त्यात आलेलं असलं पाहिजे. म्हणजे खरी कसोटी दिवसांची नाही, बळाची आहे. इथे ठेकेदार आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लँटचा ७ दिवसांचा क्यूब रिपोर्ट, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा फोडून काढलेला बळाचा आकडा, पुढे करेल. तो क्यूब २७ अंशांच्या, दोन अंश इकडेतिकडे, पाण्याच्या टाकीत मुरलेला असतो. तुमचा स्लॅब मोशीच्या थंडीत उघड्यावर पडलेला आहे. त्या रिपोर्टवरून प्लँटचं काँक्रीट कळतं, तुमचा स्लॅब कळत नाही.

आणि वर पुढचा मजला चढणार आहे हे विसरू नका. १२५ मिमीचा ओला स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या वर भरतो, त्यावर सेंट्रिंग आणि माणसं. राहत्या घराच्या स्लॅबला डिझाइनमध्ये वापराचं वजन धरतात ते २०० किलोच्या आसपास, फरशीचं वेगळं. वरच्या स्लॅबचे टेके ज्या स्लॅबवर उभे राहतात, त्याच्या खालचे टेके कधी काढायचे हा म्हणूनच स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा विषय आहे. त्यांना आजच दोन ओळींचा मेल टाका: सिमेंट हे, स्लॅब टाकल्याची तारीख ही, गेल्या आठवड्यातलं किमान तापमान एवढं, टेके कधी काढू? उत्तर येईपर्यंत एकही टेका हलवू देऊ नका. ठेकेदार रागावेल. रागावू द्या.

आता मूळ प्रश्न, फुकट शिकायचं कुठे. मी या कामात ३० वर्षं आहे, सुरुवात धायरीच्या एका साइटवर झाली. तेव्हा कोड म्हणजे ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवायची वस्तू होती. एक प्रत, तीही झेरॉक्स, आणि ती हातात पडायची साहेबांची मर्जी असेल तेव्हा. पुढे कार्ल मालामुद या अमेरिकी कार्यकर्त्याने भारतीय मानकं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली करून टाकली आणि तो वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. आज भारतीय मानक ब्यूरो स्वतःच्याच संकेतस्थळावर नोंदणी करून मानकं फुकट उतरवू देतं. माझ्या दृष्टीने आपल्या क्षेत्रातली ही फार मोठी गोष्ट आहे. कायदा ज्या कागदाच्या आधारे आपल्याला जबाबदार धरतो, तो कागद वाचायला पैसे का पडावेत? आता पडत नाहीत. म्हणून पहिलं काम हेच करा: नोंदणी करा आणि आयएस ४५६ तिथूनच उतरवा.

तिथूनच का, ते सांगतो. नेटवर ४५६ च्या जुन्या स्कॅन केलेल्या प्रती पुष्कळ आहेत. त्यांत नंतरच्या दुरुस्त्या नसतात. क्यूबच्या निकालाचंच घ्या. मूळ छापील कोडमध्ये एम२० (२८ दिवसांनी २० न्यूटन प्रति चौ. मिमी बळाचं) आणि त्यावरच्या काँक्रीटला एका नमुन्याचा निकाल, म्हणजे तीन क्यूबची सरासरी, ग्रेडपेक्षा ४ पर्यंत कमी आलेली चालत होती. दुरुस्तीनंतर ही सूट ३ वर आली. एम२५ चा निकाल २१.५ आला तर जुन्या प्रतीप्रमाणे तो या कसोटीत पास, दुरुस्त प्रतीप्रमाणे नापास. रजिस्टरमध्ये तुम्ही ‘ओके’ लिहून सही करता ती कोणत्या प्रतीवर, हा प्रश्न एखाद्या दिवशी कुणीतरी विचारेल. कोणताही कोड उघडला की आधी मुखपृष्ठावरचं साल बघायचं, नवी आवृत्ती आली आहे का ते ब्यूरोच्या यादीत तपासायचं आणि दुरुस्तीची पानं शोधायची. पाच मिनिटांचं काम आहे.

४५६ पूर्ण वाचायला घेऊ नका, कंटाळाल. साइटवर आज जे काम चालू आहे त्याचंच कलम रात्री वाचा. स्टील बांधणी चालू असेल तर कव्हरचा (स्टीलवरच्या काँक्रीटच्या थराचा) तक्ता आणि लॅपचं (दोन बार जोडताना ते एकमेकांवर किती चढवायचे त्याचं) कलम. स्लॅब टाकायचा असेल तर नमुने किती घ्यायचे ते: ५ घनमीटरपर्यंत एक, १५ पर्यंत दोन, ३० पर्यंत तीन, ५० पर्यंत चार. क्युरिंग चालू असेल तर ते कलम. ओपीसीला किमान ७ दिवस, उष्ण-कोरड्या हवेत १० आणि फ्लाय अॅशसारखं काही मिसळलेलं असेल तर १४ दिवसांपर्यंत वाढवा, असं तिथे सांगितलेलं आहे. असं वर्षभर केलंत तर कोड आपोआप वाचून होतो आणि प्रत्येक कलमाला तुमच्या डोक्यात एक जागा, एक कॉलम, एक दिवस चिकटलेला असतो.

पाठ केलेला आकडा कसा फसवतो हे मी स्वतः बघितलंय. २००९ च्या सुमाराची गोष्ट. चार मजल्यांची इमारत, काँक्रीट एम२०. बीमचं स्टील बांधून होत आलं होतं. आमचे फिटर मामा मुरलेले, बारवर खडूने खूण करून लॅप द्यायचे आणि प्रत्येक ठिकाणी ‘पन्नास पट’, म्हणजे बारच्या जाडीच्या पन्नास पट, म्हणायचे. मीही तेच शिकलो होतो, कॉलेजात आणि साइटवर दोन्हीकडे. कन्सल्टंट स्टील तपासायला आले, त्यांनी २० मिमीच्या बारवर टेप लावला. बरोबर १००० मिमी. त्यांनी मान हलवली. बाजूला पडलेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर पेनाने गणित मांडलं: बारचा ताण ०.८७ गुणिले ५००, भागिले बाँडच्या (काँक्रीटच्या बारवरच्या पकडीच्या) चौपट. एम२० ला बाँड १.२, खाचांच्या बारला त्यात ६० टक्के वाढ, म्हणजे १.९२. उत्तर आलं ५६.६. लॅप हवा ५७ पट, म्हणजे ११४० मिमी. सगळीकडे १४० मिमी कमी.

मामांचं चुकलं नव्हतं तसं. हेच गणित एफई ४१५ या कमी ताकदीच्या स्टीलला, म्हणजे ५०० च्या जागी ४१५ धरून, केलं तर ४७ येतात आणि ५० पुरतात. पन्नास पट हा त्या काळच्या स्टीलचा आकडा होता. मधल्या काळात साइटवर एफई ५०० यायला लागलं, आणि आकडा तोच राहिला. चूक माझी होती, कारण ड्रॉइंगच्या टिपांमध्ये ५७ लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. स्लॅब एक दिवस पुढे गेला, लॅप पुन्हा बांधले. तेव्हापासून आकडा ऐकला की मी विचारतो, कोणत्या स्टीलला? कोणत्या काँक्रीटला? एम२५ ला एफई ५०० साठी ४९ येतात, एफई ५५० साठी ५४. स्वतः करून बघा, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. आणि ड्रॉइंगवर कन्सल्टंटने जास्त लिहिलं असेल तर ड्रॉइंग चालतं, आपलं गणित नाही.

कोडचं ‘का’ कळायला शिकवणारं कुणी लागतं, त्यासाठी एनपीटीईएल हे ऑनलाइन कोर्सचं सरकारी व्यासपीठ. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीचे प्राध्यापक शिकवतात, व्हिडिओ बघायला काही लागत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते. तुम्ही आधी काँक्रीट टेक्नॉलॉजी घ्या, मग सॉइल मेकॅनिक्स, डिझाइन त्यानंतर. इंग्रजी जड जात असेल तर निवडक कोर्सचं मराठी रूपांतरही मिळतं. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या ई-कुंभ पोर्टलवर डिप्लोमाची तांत्रिक पुस्तकं मराठीत फुकट उतरवता येतात. मी त्यांतली काही चाळली आहेत. भाषा काही ठिकाणी जड आहे, पण संकल्पना आपल्या भाषेत एकदा नीट बसली की इंग्रजी कोड वाचणं सोपं जातं हे मी माझ्या हाताखालच्या मुलांमध्ये पाहिलंय.

भूकंपाच्या डिटेलिंगसाठी आयआयटी कानपूरच्या नाइसी या केंद्राने बीएमटीपीसी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या साहाय्याने काढलेल्या अर्थक्वेक टिप्स वाचाच. एकेक टिप दोन-तीन पानांची, चित्रांसह. रिंगेचा (मुख्य बारभोवतीच्या कड्याचा) हूक १३५ अंशांत का वाकवायचा, हे तिथलं चित्र एकदा बघितलं की ९० अंशांची रिंग तुम्हाला सहन होणार नाही. पुण्यात ‘आपल्याकडे कुठे भूकंप होतो’ असं सर्रास म्हणतात. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा झाला, आणि कोयना इथून फार लांब नाही.

कामाच्या पद्धतीसाठी, म्हणजे प्लास्टर, विटकाम, वॉटरप्रूफिंग, फरशी यांसाठी, सीपीडब्ल्यूडी, म्हणजे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याची स्पेसिफिकेशन्स. २०१९ ची आवृत्ती दोन खंडांत त्यांच्या संकेतस्थळावर आहे. खासगी साइटवर ती बंधनकारक नाही, पण ठेकेदाराशी वाद झाला की ‘सरकारी कामात असं करतात’ म्हणून दाखवायला भक्कम कागद आहे. बांधकाम नियमांसाठी यूडीसीपीआर ही राज्याची नियमावली आणि प्रकल्पाच्या माहितीसाठी महारेराचं पोर्टल. या दोन्हींची तुम्हाला सध्या गरज कमी, पण स्वतःच्या प्रकल्पाचं महारेराचं पान एकदा उघडून बघा. आपण जे बांधतोय त्याचं ग्राहकाला काय सांगितलंय, हे साइटवरच्या माणसाला माहीत असायला हवं.

परदेशी संकेतस्थळंही चांगली आहेत. ब्रिटनचं डिझायनिंग बिल्डिंग्ज तिथल्याच व्यावसायिकांनी लेख लिहून उभं केलंय, अमेरिकेचं होल बिल्डिंग डिझाइन गाइड आहे, दोन्ही फुकट. कंत्राटं, कामाचं नियोजन, जबाबदाऱ्या हे समजून घ्यायला वाचा. पण तिथली भिंत थंडी बाहेर ठेवण्यासाठी आहे, आपली पाऊस आणि ऊन बाहेर ठेवण्यासाठी. तिथला तपशील उचलून हिंजवडीच्या इमारतीत बसवायचा नाही.

एका परदेशी उपक्रमाबद्दल मात्र थांबून सांगावंसं वाटतं. ब्रिटनमध्ये २००५ पासून क्रॉस नावाची व्यवस्था आहे. साइटवर काही चुकलं, पडलं किंवा पडता पडता वाचलं, तर इंजिनिअर ते कळवतो, त्याचं आणि कंपनीचं नाव गुप्त राहतं, तज्ज्ञ त्यावर टिप्पणी लिहितात आणि अहवाल सगळ्यांना फुकट वाचायला मिळतो. मी ते अहवाल कादंबरीसारखे वाचतो. कारण कोडमध्ये काय करायचं ते असतं, आणि या अहवालांत माणसं कुठे घसरतात ते असतं.

आपल्याकडे हेच नाही, आणि मला ते खुपतं. २९ जुलै २०१६ ला बालेवाडीत चौदाव्या मजल्याचा स्लॅब कोसळून ९ मजूर गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात राफ्टच्या (पायाच्या सलग स्लॅबच्या) स्टीलची जाळी कोसळून ५ मजूर गेले. आठवडाभर बातम्या आल्या, गुन्हे दाखल झाले. पण शेजारच्या साइटवरच्या ज्युनिअर इंजिनिअरला त्यातून शिकता येईल असा दोन पानांचा साधा तांत्रिक कागद माझ्या हातात तरी कधी पडला नाही. राफ्टच्या वरच्या जाळीखालच्या खुर्च्या (जाळी उचलून धरणारे वाकवलेले बार) किती अंतरावर, कोणत्या जाडीच्या बारच्या, आडव्या जोराला त्यांना कशाने अडवायचं, हे फिरत्या तक्त्यांत शोधून बघा. सापडणार नाही. जाळीचं वजन, वर चालणारी माणसं, पंपाचा धक्का धरून ते मुद्दाम डिझाइन करून घ्यावं लागतं. सेंट्रिंग आणि टेक्यांसाठी आयएस १४६८७:१९९९ हा वेगळा कोड आहे, तोही ब्यूरोकडून घ्या. पातळ आहे, दोन संध्याकाळींत वाचून होतो.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. तुम्ही ज्या ग्रुपवरून तक्ते घेता, तिथेच लिहायला लागा, मराठीत. साइटचं, ठेकेदाराचं, कुणाचंही नाव न घेता. काय झालं, सिमेंट कोणतं होतं, स्पॅन किती, हवा कशी, कोणतं कलम बघितलं, काय केलं. कलमाचा क्रमांक आणि साल प्रत्येक वेळी. फिटर, गवंडी, सेंट्रिंगवाले ते वाचतील. त्यांच्यातले कितीतरी जण इंग्रजी पीडीएफ उघडत नाहीत, पण मराठीतला मेसेज शब्दन् शब्द वाचतात.

तुमच्या आताच्या स्लॅबचे साइटवर मुरवलेले क्यूब नाहीत, त्यामुळे तिथे कन्सल्टंटचा शब्द आणि जास्तीचे दिवस हाच रस्ता आहे. रिबाउंड हॅमर मारून कुणी ‘झालंय’ म्हणालं तर त्यावर टेके काढू नका, त्यातून पृष्ठभागाचा अंदाज मिळतो, तेवढंच. पुढच्या स्लॅबच्या दिवशी मात्र ठरलेल्या क्यूबशिवाय सहा जास्त भरा. साचे काढले की ते टाकीत टाकू नका, स्लॅबवरच ठेवा, स्लॅबला पाणी माराल तेव्हाच त्यांनाही मारा, गोणपाट टाकाल तर त्यांच्यावरही. तीन सातव्या दिवशी फोडा, तीन चौदाव्या. रोज पहाटेचं तापमान डायरीत लिहा. निकाल काहीही येवोत, चलानवरच्या ग्रेडसकट आणि तापमानासकट इथे टाका, मी बघून सांगतो.